सगळ्यात वरची चौकट

ज्या उन्हाळ्यात घरच्या बियाण्याच्या कंपनीत ते नवं सॉफ्टवेअर आलं, त्या उन्हाळ्यात प्रभावतीला दुपारची झोप अशी लागेचना. डोळे मिटायचे, अंग सैल पडायचं, कूलरचं पाणी टपटपताना ऐकू यायचं आणि तेवढ्यात कुणीतरी विचारायचं, "वहिनी, दादा काय म्हणतील?" ती डोळे उघडायची तर समोर कुणीच नसायचं. खिडकीतून सरकीची पांढरी लव तेवढी तरंगत आत यायची आणि टेबलावर, पंख्याच्या पात्यांवर, तिच्या पदरावर बसायची. खाली शेडमध्ये मशीन चालू असलं की जालन्याच्या त्या रणरणत्या उन्हातही कंपनीचं आवार धुक्यात असल्यासारखं दिसायचं.

हा प्रश्न तिला पहिल्यांदा विचारला गेला तो रामकिसनच्या तेराव्यानंतर. तिचा नवरा घनसावंगीहून परतताना जीप उलटून गेला, आणि धाकटा दीर देवानंद एकाएकी मालकाच्या खुर्चीत बसला. पहिल्याच दिवशी एका व्यापाऱ्याने ऐन हंगामाच्या तोंडावर दुप्पट बियाणं मागितलं. देवानंद गडबडला आणि सवयीने बोलून गेला, "दादाला इचारून सांगतो." व्यापारी बिचारा खाली मान घालून निघून गेला. देवानंद घरी येऊन वहिनीपुढे ढसाढसा रडला, आणि रडून झाल्यावर नाक पुसत म्हणाला, "पर वहिनी, दादा काय म्हणले असते?" प्रभावतीने डोळे मिटले. नवऱ्याचा आवाज अजून कानात ताजा होता. "न्हाई म्हणले असते," ती म्हणाली. तेच बरोबर निघालं. त्या व्यापाऱ्याने पुढे दुसऱ्या कुणाचा तरी माल घेतला आणि निम्मा परत केला.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. कुणी अडवून धरलं, कुणी गळ घातली, कुणी जास्तीची सूट मागितली, की दादाला विचारून सांगतो. मग संध्याकाळी वहिनीला विचारायचं. ती डोळे मिटणार, थोडा वेळ गप्प बसणार आणि सांगणार. नव्या माणसांना तर रामकिसन गेलेला आहे हे ठाऊकही नसे. ऑफिसात त्याचा फोटो होता, पण त्याला हार नव्हता. हार घातला की माणूस गेला, असं म्हणून तिच्या सासऱ्यांनी, काकासाहेबांनी तो घालू दिला नव्हता. थोरल्या मुलाच्या बाबतीत त्यांचं हे एवढं वेडेपण प्रभावतीने कधी मोडलं नाही. खरं तर तिलाही ते हवंच होतं.

सॉफ्टवेअर बसवायला मुनीर आला. मूळचा नांदेडचा, नोकरी हैदराबादेत, वय तिशीच्या आत आणि बोलायला मोठा गोड. वरच्या मजल्यावर एक खोली गार करून घेतली होती, तिथे त्याने मोठा कॉम्प्युटर मांडला. काकासाहेबांनी कॉम्प्युटरला कुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि चपला बाहेर काढायचा नियम केला. मुनीरही मुकाट्याने अनवाणी काम करू लागला.

ईआरपी नावाचं हे सॉफ्टवेअर म्हणजे काय चीज आहे ते त्याने सगळ्यांना बसवून समजावलं. आतापर्यंत खरेदीवाल्याचं खरेदीवाल्याला माहीत, गोदामाचं गोदामाला, विक्रीचं विक्रीला आणि हिशेबाचं हिशेबनिसाला. कुणाला काही हवं असलं की दुसऱ्याच्या दारात जायचं. आता गावावरून बियाणं आत आलं की एकाच ठिकाणी एकदाच नोंद होणार, आणि तीच नोंद गोदामात दिसणार, तपासणीत दिसणार, बिलात दिसणार, ताळेबंदातही दिसणार. ज्याचं जे काम, तेवढंच दार त्याला उघडणार. आणि पुढची पायरी चढायची असेल तर वरच्या माणसाची मंजुरी लागणार.

"म्हंजे आमच्या घरात जे चाललंय तेच," काकासाहेब म्हणाले, "फक्त कुणाला खोटं बोलता येणार न्हाई."

मुनीर हसला. मग पुढचे बरेच दिवस तो एकेकाला गाठून प्रश्न विचारत हिंडला. गावावरून आलेला बियाण्याचा लॉट कोण उतरवून घेतं, उगवण कोण तपासतं, भाव कोण ठरवतं. आणि शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न, आखरी फैसला कुणाचा? तातेराव हा काकासाहेबांचा पुतण्या, गावोगावच्या बीजोत्पादक शेतकऱ्यांचं तो बघायचा. तो म्हणाला, दादाचा. देवानंद म्हणाला, दादाचा. देवानंदची बायको नंदाबाई पॅकिंगच्या बायकांवर देखरेख करायची, तिनेही तेच सांगितलं. प्रभावतीला विचारलं तेव्हा ती तपासणीच्या खोलीत होती. हातातलं काम न सोडता ती म्हणाली, "ह्यांना इचारून सांगते." मुनीरने ते लिहून घेतलं.

आणि त्या दिवशी दुपारी त्याने सगळ्यांना गार खोलीत बोलावून भिंतीवर मोठा कागद लावला. खाली बऱ्याच चौकटी, त्यांच्यावर थोड्या, त्यांच्यावर आणखी थोड्या, रेघांनी जोडलेल्या. सगळ्यात वर एकच चौकट, आणि तिच्यात सुरेख अक्षरात लिहिलेलं होतं, श्री. रामकिसनराव.

"बस, मोठ्या मालकांशी एक दफा बोलणं झालं का काम संपलं," मुनीर म्हणाला. "त्यांचा पासवर्ड त्यांनीच टाकायला पाहिजे. कधी येऊन राह्यले ते?"

खाली मशीन तेवढं घरघरत होतं. प्रभावतीची नजर त्या वरच्या चौकटीवर खिळली, आणि तिला क्षणभर खरंच वाटलं, की जिन्यात पावलं वाजतील, रामकिसन घाम पुसत आत येईल, चपला काढायच्या विसरेल आणि काकासाहेब त्याच्यावर ओरडतील. तिला त्या वाटण्याची लाज वाटली नाही. उलट ते आणखी थोडा वेळ टिकावं असंच वाटलं.

शेवटी देवानंदनेच सांगितलं. मुनीरचा चेहरा उतरला. त्याने दोन्ही कानांना हात लावून माफी मागितली, आणि कागद उतरवायला निघाला तेव्हा काकासाहेबांनी राहू दे म्हणून खूण केली.

मग जे सुरू झालं ते अंधार पडेपर्यंत चाललं. तातेरावचं म्हणणं, वरची चौकट रिकामी ठेवा, आतापर्यंत कुठं काय अडलंय? मुनीर म्हणाला, रिकामी ठेवता येत नाही, सिस्टिम पुढेच जात नाही. मग काकासाहेबांचं नाव घाला, असं तातेराव म्हणाला. काकासाहेबांनी हात जोडले, मला आता अक्षर दिसत नाही म्हणाले. नंदाबाईने नवऱ्याकडे पाहिलं आणि नवरा छताकडे पाहू लागला. एवढ्या वर्षांत देवानंदने कंपनी तिप्पट केली होती, कर्ज काढून नवी मशीन आणली होती, हे सॉफ्टवेअरही त्याच्याच डोक्यातून निघालं होतं. त्या चौकटीवर हक्क असेल तर त्याचाच, हे न बोलता सगळ्यांना कळत होतं.

"देवानंदचंच टाका की," प्रभावतीच अखेर म्हणाली. "ते गेल्यावर दुसरं कोण हाये?"

म्हणाली खरी, पण त्याचा अर्थ तिला लगेच कळला. त्या चौकटीत देवानंद बसला की उद्यापासून तिला कुणी काही विचारणार नव्हतं. रोज संध्याकाळी डोळे मिटून नवऱ्याशी जे दोन शब्द बोलायला मिळायचे ते बंद होणार होते. ती तपासणीच्या खोलीत बिया मोजत बसणार आणि रामकिसन मात्र खरोखरचा जाणार, एकदाचा, कायमचा. तिला ते सोसवणार नव्हतं, आणि हे सांगायचं तरी कुणाला?

तेव्हा काकासाहेब बोलले.

"रामकिसननं जित्तेपणी कुणाला न्हाई म्हणलेलं आठवतं का कुणाला?"

कुणाला आठवेना.

"मला बी न्हाई आठवत," ते म्हणाले. "दारात आलेल्याला मूठभर बी देऊन पाठवायचा त्यो. त्याच्या काळात कंपनी बुडायचीच बाकी व्हती. आन मेल्यावर बघा, ह्याला न्हाई म्हण, त्याला न्हाई म्हण, बराबर हिशेबानं. आरं, माझा पोरगा मला ठाऊक न्हाई व्हय? मरून कुणी एवढं शहाणं होत न्हाई." मग त्यांनी सुनेकडे बघितलं. "मला पहिल्यापासून ठाऊक हाये, सूनबाई. चौकटीत तुमचं नाव येऊ द्या."

प्रभावतीच्या तोंडून निघून गेलं, "ह्यांना इचारून..." आणि ती तिथेच थांबली. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य तिला पुरं करता आलं नाही.

ती उठून खाली आली आणि तपासणीच्या खोलीत जाऊन बसली. ही खोली तिची. गार, अंधुक, ओल्या वाळूच्या वासाची. भिंतीलगत मांडण्यांवर वाळू भरलेली ताटं होती आणि प्रत्येक ताटात एकेका लॉटची सरकी रुजत घातलेली. काही ताटांत कोवळी पानं दाट वर आली होती, काहींत अजून नुसती वाळू फुगली होती. बाहेरचा कलकलाट इथे पोचत नसे. रामकिसनशी तिचं सगळं बोलणं इथेच व्हायचं.

तिने डोळे मिटले. मी बसू का तिथं, तिने विचारलं. एरवी लगेच यायचा तो आवाज आला नाही. तिने पुन्हा विचारलं. वाळूतून पाणी झिरपत होतं, कुठेतरी एखादी बी फुटत असेल, पण तो बोलेना. बियाण्याबद्दल, व्यापाऱ्यांबद्दल, देवानंदच्या नव्या मशीनबद्दल इतकी वर्षं बोलत आलेला माणूस एवढ्याच प्रश्नाला मुका झाला. मग ते बोलत होतं ते कोण? सासऱ्यांनी सरळ सांगितलं होतं, पण तिला अजून ते आपल्या तोंडाने म्हणवत नव्हतं. नवऱ्याचा आवाज म्हणून जपून ठेवलेला आवाज आपलाच निघावा, याचा तिला राग आला, आणि रागाच्या खाली कुठेतरी नवल वाटलं.

नंदाबाई चहा घेऊन आली. गेले काही दिवस ती जावेशी जरा आखडूनच होती, हे प्रभावतीच्या ध्यानात आलं होतं. वरच्या माणसाच्या मंजुरीची गोष्ट कानावर आल्यापासून नंदाबाईला मालकीणबाई होण्याची स्वप्नं पडत होती. पण आत्ता ती खालीच फरशीवर बसली आणि बशीत चहा ओतता ओतता म्हणाली, "अक्का, ती चौकट ह्यांना देऊ नका."

"का गं?"

"ह्यांना न्हाई म्हणता येत न्हाई. दादाच्या आडून म्हणत व्हते ते येगळं. मला बघायला आल्ते तवा ह्यांच्या मनात दुसरीच पोरगी व्हती. पर माझ्या बापाला तोंडावर न्हाई म्हणवलं न्हाई, म्हणून तर लगीन झालं." तिने चहाचा घोट घेतला. "माझं चांगलंच झालं म्हणा. पर कंपनीचं होणार न्हाई."

दोघी हसल्या. हसता हसता प्रभावतीचे डोळे भरून आले आणि नंदाबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

सकाळी प्रभावतीने मुनीरला होकार कळवला. देवानंदला वाईट वाटलं असणार, पण दुपारपर्यंत तोच तिच्यासाठी खुर्ची घेऊन आला, आणि खुर्ची ठेवता ठेवता म्हणाला की खरं सांगायचं तर रात्री किती दिवसांनी झोप लागली. मुनीर कॉम्प्युटरवर तिचं नाव चढवायला बसला. आधी प्रभावती, मग आडनाव. तिने विचारलं, मधलं नाव कुठं गेलं?

मुनीर खजील झाला. हे सॉफ्टवेअर बाहेरच्या मुलखात बनलेलं, तिकडे नवऱ्याचं नाव मध्ये लावत नाहीत, म्हणून जागाच ठेवलेली नाही. पण भाभींची इच्छा असेल तर पहिल्या नावालाच जोडून टाकता येईल, प्रभावतीरामकिसन असं. त्याने बोटं तयार ठेवली.

लग्न झाल्यापासून ते नाव तिच्या दोन्ही नावांच्या मधोमध होतं. रेशनकार्डावर, मतदार यादीत, जमिनीच्या उताऱ्यावर, सगळीकडे. ते नसलेलं आपलं नाव पडद्यावर पाहून तिला उघड्यावर उभं राहिल्यासारखं झालं.

"राहू द्या," ती म्हणाली. "हाये तसंच बराबर हाये."

ज्या दिवशी सिस्टिम सुरू करायची त्या दिवशी नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि गार खोलीत उभं राहायला जागा उरली नाही. आणि पहिल्याच मंजुरीला टेंभुर्णीचा लॉट पुढे आला. त्याची उगवण थोडी कमी भरली होती. तपासणीच्या खोलीतल्या त्या ताटात मध्ये मध्ये वाळू तशीच मोकळी दिसत होती, प्रभावतीने सकाळीच पाहिलं होतं. पडद्यावर लॉटपुढे लिहिलं होतं, रोखलेला. तो सोडायचा की नाकारायचा हे आता फक्त तिच्या हातात होतं.

खाली भोकरदनच्या दुकानदाराचा ट्रक उभा होता. देवानंद म्हणाला, थोडकंच कमी आहे, चांगल्या लॉटमध्ये मिसळून टाकू, कुणाला कळणारही नाही. तातेराव तर काकुळतीला आला. टेंभुर्णीच्या बायांनी आख्खा हंगाम, संध्याकाळी कपाशीची फुलं सोलायची आणि सकाळी त्यांवर दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे, असं पाठी मोडून काम केलं होतं. त्यांतल्या सोनूबाईचं तर अर्धं रान याच लॉटमध्ये होतं. लॉट नाकारला तर ते बियाणं नुसती सरकी म्हणून तेलाला जाणार, सरकीच्याच भावाने. त्या बायांना तोंड कसं दाखवायचं?

सगळे तिच्याकडे पाहत होते. आणि देवानंदच्या तोंडून सवयीने निघालंच, "वहिनी, दादा काय म्हणतील?"

प्रभावतीने डोळे मिटले. आणि कित्येक महिन्यांनी, कदाचित कित्येक वर्षांनी, रामकिसन तिला खराखुरा आठवला. शेडच्या दारात उभा, केसांत सरकीची लव, हाताची ओंजळ भरलेली, समोर कुणीतरी हात पसरून उभं, आणि हा हसतोय. सोड गं, तो म्हणाला, बायांच्या कष्टाचं हाये, सोडून दे. किती स्पष्ट ऐकू आला तो. आपण याला इतकी वर्षं भलतंच बोलायला लावत होतो, हे तिला कळलं, आणि त्याच्यावरचं तिचं प्रेम एकदम इतकं उचंबळून आलं की तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. मग तिला जूनमधलं एक रान दिसलं. कुणाचं ते माहीत नाही. ओळींत मध्ये मध्ये मोकळी माती, आणि बांधावर उभी राहून रोज सकाळी ती मोकळी माती बघणारी एक बाई.

तिने डोळे उघडले.

"ते सोडून दे म्हणले असते," ती म्हणाली.

देवानंदने सुटकेचा श्वास सोडला आणि ट्रकवाल्याला हाक मारायला खिडकीकडे वळला.

"पर मी न्हाई म्हणते."

मुनीरने दाखवलेल्या ठिकाणी तिने बोट ठेवून दाबलं. पडद्यावरचा शब्द बदलला आणि खाली तिचं नाव उमटलं. काकासाहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसू लागले.

तातेरावने टोपी घातली. "बरं," तो म्हणाला, "मंग टेंभुर्णीला जाऊन सांगतो का दादा न्हाई म्हणले."

"न्हाई," प्रभावती म्हणाली. "ते कधी कुणाला न्हाई म्हणले न्हाईत. प्रभावती न्हाई म्हणली म्हणून सांगा. आन सोनूबाईला म्हणावं, उद्या मी सोता येऊन राह्यले."

तातेराव जिना उतरून गेला. प्रभावतीला रडू आलं, आणि ते तिने तिथेच, सगळ्यांच्या देखत, येऊ दिलं.